बारदान वजा

कोपरखैरण्याच्या माथाडी घरात
आप्पा अजून हातानं वजन सांगतात.
पिशवी उचलतात, जरा झुलवतात:
"दीड किलो न्हाई हे. पावशेर खाल्लाय त्यानं."

तीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार.
मग इलेक्ट्रॉनिक काटे आले, लाल आकडे आपोआप पेटू लागले
आणि आप्पा घरी आले
तळहातावर साखळीचा वण घेऊन.

मी बेलापुरात, सातव्या मजल्यावर, बर्फ तोलते.
असं सांगितलं की हसतात.
"कुठल्या काट्यावर?"

काटा नाही. दोन उपग्रह आहेत, आप्पा, एकामागं एक,
मधलं अंतर तुर्भ्यापासून मेढ्याला एस्टीनं पडतं तेवढं.
खाली जड काही आलं की पुढचा आधी ओढला जातो,
अंतर वाढतं.
मग मागचाही खेचला जातो, मिटतं.
केसाच्या शंभराव्या भागाइतकं वाढणं-मिटणंसुद्धा
ते टिपून ठेवतात.
बर्फ दिसत नाही त्यांना.
ओढ तेवढी कळते.

"म्हंजी माल न बघता वजन!"
सुपारी कातरायची थांबली.
"आमी माल बघायचो. वला हाय का, माती किती."

ग्रीनलँड वर्षाला अडीचशे अब्ज टन गमावतं, मी म्हणाले.
"गोणीत सांग."
पन्नास किलोची गोणी धरली तर
पाच लाख कोटी गोण्या.
ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले,
मग म्हणाले, "हमाल कुठनं आणलं?"

माझ्या तक्त्यात मध्ये अकरा महिने कोरे आहेत.
जुनी जोडी थकून खाली आली, नवी अजून वर गेली नव्हती.
मी ते रकाने रेघ ओढून जोडते, आणि दर वेळी
कुणाची तरी सही आपण मारल्यासारखं वाटतं.
आप्पांना त्याचं काही नाही.
"संपात काटा बंद असायचा.
कांदा काय वाळायचा थांबतोय?"

आणि मग त्यांनी ते विचारलं,
जे माझ्या मुलाखतीतही कुणी विचारलं नव्हतं:
"बारदान वजा केलं का?"

केलं, आप्पा. तिथंच तर सगळा घोळ.
बर्फाखालची जमीन हजारो वर्षं दबली होती,
ओझं हललं तशी ती सावकाश वर येते आहे, अजूनही.
ती जमीनही ओढते. तिची ओढ वजा करावी लागते.
आणि ती किती, हे ज्याच्या त्याच्या हिशोबात वेगळं.
अंटार्क्टिकात तर विचारूच नका.
आप्पांचे डोळे लकाकले, पहिल्यांदाच.
"बारदानावरच भांडणं. कायम.
अर्धा किलो धरा म्हणायचा व्यापारी,
शेतकरी म्हणायचा, रिकामं पोतं झटकून दावतो."

झटकून दाखवायला
रिकामं ग्रीनलँड कुणाला बघायचंय?

एक गोष्ट मी शेवटी सांगितली, उठता उठता.
बर्फ एवढा जड, की समुद्रालाही ओढून धरतो स्वतःभोवती.
तो गेला की धरलेलं पाणी सुटतं.
त्याच्या किनाऱ्यावर समुद्र उतरतो,
आणि लांब, जिथं कुणी बर्फ पाहिलेला नाही,
तिथं चढतो वाट्यापेक्षा जास्त.

"म्हंजी घट तिकडं," आप्पा म्हणाले,
"आन् भरती हिकडं."
बाजारातलेच दोन शब्द. गोणी सुकली की घट,
कमी पडली की वरून भरती.
खाडी त्यांच्या मनात होती की नाही, ठाऊक नाही.

बाहेर धारण तलावाच्या झडपांवर पाणी डबडब वाजत होतं,
अमावास्या होती, एवढं तर दर महिन्याला वाजतंच.
मी चपला घातल्या.
सुपारीचं खांड गालात सरकवत
आप्पांनी मागून विचारलं,

"आन् तोलाई? ती कुणाच्या नावावर फाडायची?"